चोचीखालचा मुरूम

आमच्या दादाच्या घराला चोच आहे. हर्सूलच्या अंगाला नाला रस्त्याला घासून जातो तिथं ते घर आहे, आणि रिक्षावाल्याला नुसतं ‘चोचीचं घर’ म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. ती चोच म्हणजे एक तिकोनी खोली, आणि तिच्याखालचा पाया मी ठरवलेला आहे. आयुष्यभर मी माती तपासली, पुलांखालची, पाण्याच्या टाक्यांखालची, कारखान्यांखालची. पण सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी त्या खोलीकडं बोट दाखवते. लोकांना वाटतं मी थट्टा करते. बढाई वाटली तर बढाई म्हणा, मला चालतं.

आम्ही देवगाव रंगारीचे. वडिलांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी मराठी बाराखडी मोठेपणी गिरवली, पण पायाला ते शेवटपर्यंत बुनियादच म्हणायचे. मी इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं तेव्हा भावकीनं कपाळाला आठ्या घातल्या. वडील एवढंच म्हणाले की तिची बुनियाद मला ठाऊक आहे, तुम्ही फिकीर करू नका. मी शिकले आणि शहरातल्याच एका कॉलेजात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साइटवर बाई आली की मुकादम आधी माझ्यामागं कुणी पुरुष येतोय का ते बघायचा. येत नाही कळल्यावर मग नाइलाजानं माझ्याशी बोलायचा.

दादा माझ्याहून मोठा, शेती बघणारा. वडील गेल्यावर घर त्यानंच ओढलं. मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर बांधायचं त्याच्या मनात आलं आणि त्यानं ही जागा घेतली. मला न विचारता घेतली, हे मी आजही ऐकवते. मागं बऱ्यापैकी चौकोन आणि पुढं नाला आणि रस्ता यांच्या बेचक्यात निमुळतं होत गेलेलं टोक. बघायला येणारा प्रत्येक जण ते टोक बघून नाक मुरडायचा आणि परत जायचा. म्हणून तर ती दादाला मिळाली.

दादाला दोन मुली आणि दोन मुलं. थोरली मुलगी त्या वर्षी दहावीत जाणारी, गणितात तल्लख, तिला सायन्सला जायचं होतं आणि गावात सायन्स नव्हतं. आता हिशेब बघा. मागच्या चौकोनात एक स्वयंपाकघर आणि एक खोली बसत होती. पुढच्या टोकावर खोली निघाली तर पोरी शहरात येणार, नाही निघाली तर फक्त पोरं येणार. दादानं असं कधी तोंडानं म्हटलं नव्हतं, पण घरात लहानथोर सगळ्यांना ते मालूम होतं. एकच खोली असेल तर ती पोरींना दे आणि पोरांना गावात ठेव, असं मी बोलून बघितलं. त्यावर दादा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. माझ्याकडं पोरीला ठेवायची सोय नव्हती, कारण मी स्वतः एका बाईंच्या घरात एका खोलीत भाड्यानं राहायचे आणि त्या बाईंना माझा पाहुणा दोन दिवसांच्या वर खपायचा नाही.

मग उन्हाळ्यात दादानं जागेची परीक्षा केली. माझी नव्हे, आमच्या चुलत्यांची परीक्षा. आमच्याकडं जुनी रीत आहे. हातभर खोल खड्डा खणायचा आणि निघालेली माती त्याच खड्ड्यात परत भरायची. माती उरली तर जागा शुभ, खड्डा काठोकाठ भरला तर ठीकठाक, आणि माती कमी पडली तर अशुभ, तिथं बांधायचं नाही. चुलत्यांचा हुकूम होता की खड्डे सकाळी खणून ठेवा, पण मी आल्याशिवाय भरू नका. दादानं दोन खड्डे खणले, एक मागच्या चौकोनात, एक पुढच्या टोकावर. चुलत्यांची एसटी कुठंतरी बंद पडली. दादा आणि सोबतची माणसं भाकरी खायला लांब लिंबाखाली जाऊन बसली. चुलते आले तेव्हा ऊन कलत आलं होतं. मागचा खड्डा भरला तर माती उरली, चांगला ढीगभर. पुढचा भरला तर माती पुरेना, खड्डा वीतभर उणाच राहिला. चुलत्यांनी मान हलवली. विषय संपला. मागं बांधायचं, पुढचं टोक सोडून द्यायचं, फार तर तिथं म्हैस बांधायची.

ही हकीकत मला वहिनीनं सांगितली. ती एकटी एसटीनं आली, विचारत विचारत कॉलेज गाठलं आणि प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. वहिनी एकटी शहरात आलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती. पदरानं घाम पुसला, मी दिलेलं पाणी प्यायली, आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “वन्सं, मला शुभ-अशुभ कळत नाय. त्या टोकावर खोली उभी राहती का नाय, एवढंच सांगा. राहत नसंल तर मी पोरीला आजच सांगते. रोज आशेवर ठेवायला नगं.”

मी तिला म्हटलं, बघितल्याशिवाय सांगणार नाही. खोटी आशा दाखवणं मला जमत नाही. टोक खरंच पोकळ असतं तर मीच नाही म्हटलं असतं.

रविवारी जागेवर गेले. दादाही आला होता, तोंड फुगवून. मागच्या खड्ड्यात हात घातला तर काळी माती, उन्हानं भेगाळलेली, ढेकळंच ढेकळं. अहो, ढेकळं परत टाकल्यावर त्यांच्यामधल्या पोकळ्या कशा भरणार? माती उरणारच! आणि ही काळी माती कापसाला सोन्यासारखी असली तरी घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरच्या भिंती तिच्याबरोबर वरखाली होतात. चुलत्यांनी जिला शुभ ठरवलं होतं ती जागा मी विद्यार्थ्यांना वाईट मातीचा नमुना म्हणून दाखवली असती.

मग पुढच्या टोकावर गेले. खड्ड्याच्या कडेला पहार मारली तर टणकन वाजली. वर काळ्या मातीचा पातळ थर आणि खाली लालसर मुरूम, घट्ट, त्यात आपल्याकडच्या खडकात असतात तसे पांढरे चकचकीत खडे. असा मुरूम बघितला की मला हसू फुटतं, साधं निखळ सुख होतं. पण मग डोकं चक्रावलं. घट्ट मुरूम उकरला की मोकळा होऊन फुगतो. खड्डा भरून घमेलंभर उरायलाच हवा. मग कमी पडला कसा? मी दादाला दहादा विचारलं, सगळा मुरूम याच खड्ड्यातून काढला ना, इकडं तिकडं फेकला नाही ना. तो वैतागला. म्हणाला, माती मोजायला बसू का आता.

उन्हाचा तडाखा होता. मी पाणी प्यायला रस्त्यापलीकडच्या सरकारी नळावर गेले. तिथं सांडपाण्याचा नुसता राडा असायचा, चप्पल रुतून बसायची. त्या दिवशी माझे पाय कोरडे राहिले. खाली बघितलं तर नळाभोवती मस्तपैकी लाल मुरूम पसरलेला, ताजा, आणि त्यात तेच पांढरे खडे. नळावर भांडी घासत बसलेल्या बाईला मी विचारलं, हा मुरूम कुणी टाकला. ती अगदी कौतुकानं म्हणाली, “तुमच्याच गड्ढे का है ना बाजी. सब बायका फिसलत होत्या. बाहर पडा था, चार घमेले हम लोगां लेके आये. लई अच्छा मुरूम है.”

मी तिथंच खाली बसून हसले. चांगला मुरूम उघड्यावर दिसला की आपल्याकडं तो राहतो थोडाच? कुणाच्या अंगणात, कुणाच्या दारात, कुणाच्या गोठ्यात जातो. काळ्या मातीच्या ढिगाला मात्र कुणी हात लावत नाही. म्हणजे जागा चांगली होती म्हणूनच परीक्षेत नापास झाली होती! मी दादाला हाताला धरून नळावर आणलं. त्या बाईनं त्यालाही तेच सांगितलं, वर आणखी घमेली मिळतील का म्हणून विचारलं. दादानं वाकून मूठभर मुरूम उचलून बघितला. मग कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “मंग चोरीला गेलेली माती शुभ धरायची का अशुभ?” आणि तोही हसायला लागला. महिन्याभराची अढी तिथं सुटली.

पण दादा आमच्या वडिलांचा मुलगा, असा सहजासहजी वाकणारा नाही. माती चांगली, मान्य. पण तिकोनी पाया कुणी बघितलाय? त्यानं ठरवलेला मिस्त्री जुना जाणता होता. तो म्हणाला की गुण्यात, म्हणजे काटकोनाच्या मापात, बसत नाही त्याच्यावर मी भिंत चढवत नाही, टोक खचलं तर माझं नाव जाईल. त्याचं बोलणं मला मुळीच मूर्खपणाचं वाटलं नाही. काटकोन सोडला की गवंड्याचा सगळा अंदाज बिघडतो, आणि खरं सांगायचं तर आमचाही बिघडतो.

हे जरा समजावून सांगते, कारण माझा सगळा अभिमान इथंच आहे. जमीन किती भार पेलेल हे काढायची सूत्रं पुस्तकात असतात, पण ती ठरावीक आकारांची. चौकोनी पाया, लांब पट्टीसारखा पाया, गोल पाया. तिकोनी जागेला ती सूत्रं काही म्हणत नाहीत. मग लोक काय करतात? कुणी त्या त्रिकोणाभोवती मोठा चौकोन काढून हिशेब करतो. म्हणजे नसलेल्या जमिनीवर भार टाकतो, हे धोक्याचं. कुणी त्रिकोणाच्या पोटात लहानसा चौकोन काढतो आणि बाकीची जागा वाया घालवतो, मग खोली उरते कोंबड्यांच्या खुराड्याएवढी. आणि बहुतेक जण सांगतात, सोडून द्या ते टोक. मी यातलं काहीच करणार नव्हते.

रात्री जेवणं झाल्यावर देवगावच्या घरात मी पुठ्ठ्यावर टोकाचा आकार मापानं काढला आणि कातरीनं कापला. तो एका कोपऱ्यातून दोऱ्यानं टांगला, दोरा जिथून खाली गेला तिथं रेघ मारली. दुसऱ्या कोपऱ्यातून टांगला, पुन्हा रेघ मारली. दोन्ही रेघा जिथं एकमेकींना कापतात तो त्या आकाराचा मध्य. तिथं पेन्सिलीचं टोक लावलं आणि पुठ्ठा तरंगत राहिला. पोरांनी टाळ्या पिटल्या. दादाला मी सांगितलं की खोलीचा सगळा भार मिळून या ठिपक्यावर आला तर पाया सगळीकडून सारखा बसतो. तो बाजूला सरकला तर एक कोपरा दबतो आणि दुसरा उचलू बघतो. म्हणून तीन कोपऱ्यांतल्या खांबांना तीन वेगळे पाय द्यायचे नाहीत. तिघांना मिळून एकच तिकोनी पाय द्यायचा आणि खांब असे सरकवायचे की भार ठिपक्यावर येईल. थोरली पोरगी पुठ्ठा उलटासुलटा करून बघत होती. रात्री तिनं तो उशाशी घेतला.

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, डोक्यावर हंडा घेताना तरी दुसरं काय करतो आपण. झालं, माझं अर्धं व्याख्यान वहिनीनं एका वाक्यात उरकलं.

दादानं मात्र मान हलवली. “बाई, पुठ्ठा म्हंजे जमीन नव्हं. मला डोळ्यानं दाव.”

मला राग यायला हवा होता. पण तो बरोबर बोलत होता. त्रिकोणाचा मध्य पुठ्ठ्यावर सापडतो, पण त्याच्या टोकाखाली मुरूम कसा वागतो ते पुठ्ठा सांगत नाही. ठीक आहे, दाखवते, म्हटलं.

जमिनीचा दम बघायला आम्ही खड्ड्यात एक जाड लोखंडी प्लेट ठेवतो, तिच्यावर जॅकनं दाब देतो, आणि प्लेट किती खाली जाते ते घड्याळासारख्या डायलवर बघतो. जॅक वरच्या बाजूला ज्याच्याविरुद्ध रेटा देतो तो भार म्हणजे मचाणावर रचलेली वाळूची पोती. आमच्याकडची प्लेट चौकोनी होती. तिकोनी प्लेट शहरात कुणाकडंच नव्हती, कारण कुणाला लागलीच नव्हती. मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये गेले आणि चौकोनी प्लेटच्या क्षेत्रफळाइतकीच तिकोनी प्लेट कापून मागितली, दादाच्या टोकाचाच आकार, लहान करून. त्या माणसानं विचारलं की बाई, हे कुठल्या मशिनचं. मी म्हटलं, घराचं. त्यानं डोकं खाजवत मापं लिहून घेतली.

आमचे विभागप्रमुख भले गृहस्थ होते, पण तेही म्हणाले की एका खोलीसाठी एवढा खटाटोप कशाला, टोक सोडायला सांगा. मी म्हटलं, सर, टोक सोडलं तर दोन पोरी सुटतात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि जॅक साइटवर न्यायची परवानगी दिली.

परीक्षेच्या दिवशी दादानं गावाकडून भावकी आणली होती. वाळूची पोती त्यांनीच वाहिली. दादा स्वतः सगळ्यात जास्त पोती वाहत होता, माझ्या विरोधात का माझ्या बाजूनं, त्याचं त्यालाच ठाऊक. मिस्त्रीही आला, हाताची घडी घालून. चुलते लिंबाखाली बसले. नळावरच्या बायका घागरी खाली ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना आता आपण त्या मुरमाच्या मालकिणी असल्यासारखं वाटत होतं.

आधी चौकोनी प्लेट. दाब वाढवत नेला, सुई हळूहळू सरकली, थांबली, पुन्हा दाब, पुन्हा थांबली. मुरूम चांगला दमदार निघाला. मग शेजारच्या खड्ड्यात तिकोनी. दादा खड्ड्याच्या काठावर पालथा पडून सुईकडं बघत होता. माझी विद्या वगैरे बाजूला राहू द्या, त्या सुईवर एका पोरीचं कॉलेज टांगलेलं होतं आणि ती पोरगी घरी पाणी भरत वाट बघत होती. सुई सरकली. चौकोनी प्लेटपेक्षा थोडी जास्त सरकली. दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, थांब. दाब तसाच ठेवला. सुई थांबली. खोलीचा जितका भार येणार होता त्याच्या कितीतरी वर मी तो नेला, तरी ती दरवेळी थांबत गेली.

अगदी शेवटच्या दाबाला प्लेटच्या निमुळत्या टोकापाशी मुरूम किंचित फुगला आणि केसासारखी भेग उमटली. मिस्त्रीनं लगेच बोट दाखवलं. मी म्हटलं, मला तेच बघायचं होतं. अणकुचीदार टोकाखालच्या मातीला बाजूनं आधार कमी, ती आधी हार मानते. म्हणून दोन गोष्टी ठरल्या. एक, पुस्तकातल्या चौकोनाला जितका भार चालतो त्याहून कमीच मी त्रिकोणाला द्यायचा. आणि दोन, टोकाचं अगदी पुढचं बोथट करून टाकायचं, म्हणजे चोच थोडी कापायची. तेवढी जागा पायाखाली धरायचीच नाही.

“मंग खोली केवढी राहती?” दादानं विचारलं.

मी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखून दाखवली. दोन खाटा, मध्ये एक टेबल, दोन बाजूंना खिडक्या. दादा त्या पांढऱ्या रेघांच्या आत जाऊन उभा राहिला. एका खाटेच्या जागी उभा राहिला, मग दुसऱ्या खाटेच्या. मग मिस्त्रीला म्हणाला की उद्यापासून लाग.

तरी मी लगेच लागू दिलं नाही. लहान प्लेटनं वरचा थर कळतो, पण मोठ्या पायाचा भार त्याहून खोल पोचतो. खाली जर काही मऊ लपलेलं असेल तर प्लेट गोड बोलून फसवते. म्हणून नाल्याच्या कडेला आणखी एक खोल खड्डा घेतला. तिथं मुरूम उतरत गेला होता. मग त्या बाजूचा पाया पायऱ्या पायऱ्यांनी खाली नेला, मुरूम लागेपर्यंत. सगळी आकडेमोड विभागप्रमुखांसमोर ठेवली. त्यांनी खोडायला लाल पेन काढलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि पेन तसंच खिशात घातलं. पुढच्या वर्षी ते वर्गात तिकोनी पाया माझ्याच पद्धतीनं शिकवायला लागले. मी मागच्या बाकावर बसून ऐकून आले, मुद्दाम.

मागच्या शुभ चौकोनाचं सांगायचं राहिलं. तिथली काळी माती मुरूम लागेपर्यंत उपसायला लावली तेव्हा दादा करवादला. चुलते शुभ म्हणाले तिथंच जास्त खणायचं, आणि अशुभ म्हणाले तिथं कमी? मी म्हटलं, व्हय. त्यानं खणलं, पण पुढचा ओटा मात्र मला न सांगता, हौसेनं, काळ्या मातीवरच बांधला. पहिल्याच पावसाळ्यात ओटा मधोमध उलला. चोचीच्या भिंतींवर मी जागोजागी काचेच्या पट्ट्या सिमेंटनं चिकटवून ठेवल्या होत्या. भिंत जरा जरी हलली तर काच तडकते. पावसाळाभर दर रविवारी मी जाऊन बघत होते. एकही काच तडकली नाही. चुलते एकदा काठी टेकत आले, पट्ट्या बघितल्या, ओटा बघितला, आणि चहा न घेताच निघून गेले. वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली.

वास्तुशांतीला सगळं गाव आलं होतं. आमच्यात बहिणीचा मान असतो. दादानं साडी दिली, हळदीकुंकू झालं, सगळं रीतीप्रमाणं. तेवढ्यात त्याची दोन्ही पोरं चोचीत धावत शिरली. दोन बाजूंनी वारा, खिडकीत नाला आणि पलीकडचे डोंगर, घरातली सगळ्यात छान खोली ती. पोरं म्हणाली, आम्ही इथं झोपणार. पाया मी ठरवला होता, पण खोली कुणाला द्यायची ते माझ्या हातात कुठं होतं?

दादानं पोरांना दंडाला धरून बाहेर काढलं. सगळ्या भावकीसमोर म्हणाला, “ती पोरींची हाय. तुमच्या आत्यानं जोखून दिलीया.” आणि थोरलीची पत्र्याची पेटी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली.

मी तिथं रडले. साइटवर कधी रडले नाही, मुकादमांनी काय काय ऐकवलं तेव्हाही नाही, पण तिथं रडले, आणि त्याची मला लाज नाही.

थोरली सायन्सला गेली, दोन वर्षांनी धाकटी आली. चोचीतला दिवा रात्री उशिरापर्यंत जळायचा. थोरली शिकून बाहेर पडली तशी तिची खाट रिकामी झाली, आणि जून महिन्यात दादानं पोस्टाशेजारच्या दुकानातून मला फोन केला. चुलतभावाची मुलगी दहावी झालीय, तिला शहरात यायचंय. पुढं म्हणाला, “चोचीत घेऊ का? पेलंल ना?”

एका पोरीचं वजन ते काय! मी पोत्यांनी जोखलेल्या जमिनीला ते कळणारसुद्धा नाही. दादालाही हे चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, पेलंल.

तेव्हापासून दर जूनला फोन येतो. भावकीतली झाली, मग गावातली, मग पिशोरची वहिनीच्या माहेरची, एक तर अजिंठ्याहून आली, नात्याचा धागा कुठं लागतो ते कुणालाच नीट सांगता येईना. दोन खाटांच्या तीन झाल्या. एका वर्षी नळावरच्या त्या बाईची नात रोज अभ्यासाला येऊन बसायची, कारण त्यांच्या घरात उजेड नव्हता. चोच कधी रिकामी राहिली नाही. प्रत्येक वेळी दादानं विचारलं आणि प्रत्येक वेळी मी तेच उत्तर दिलं.

आता दादा थकलाय. फोन त्याचा नातू लावून देतो. या जूनला त्याचा आवाज इतका बारीक आला की मला कान दाबून ऐकावं लागलं. थोरलीची मुलगी येतीय, म्हणाला. नोकरीपायी थोरली लांब असते, पण पोरीचा हट्ट आहे की आई जिथं शिकली त्याच खोलीत राहून शिकायचं. आणि सामानात एक जुना पुठ्ठा आणतीय, तिकोनी, त्याच्यावर दोन रेघा मारलेल्या आहेत. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिकडं दादा वाट बघत थांबला होता.

“बाई, ऐकतीस ना? पेलंल का?”

मी म्हटलं, “पेलंल, दादा. आण तिला.”